हवालदाराचं गालगुंड

३ जून

आत्या,

नमस्कार. वाकून केलाय, आणि वाकताना कमरेत कळ आली, कारण आज दिवसभर ओल्या चादरी उपसल्यात.

तुझं पत्र मिळालं. खुशालीचं असेल म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर फोडलं, तर दुसऱ्याच ओळीत तू माझी खोली भाड्याने देऊन मोकळी! म्हणे "दाताच्या दवाखान्यात काम करणारी शांत मुलगी आहे." शांत माणसं किती धोक्याची असतात हे तुला मी सांगायचं? फोन केला तर तू उचलत नाहीस. मग काय, बसलोय लिहायला. नववीत पेन खाली ठेवलं ते आत्ता उचललंय.

खोली रिकामी आहे असं तू लिहितेस. रिकामी कुठे? माझी सायकल आहे, तिला फक्त चाकं नाहीत. माझी गिटार आहे, तिला दोन तारा अजून शाबूत आहेत. आणि मासे आहेत.

इथलं काय सांगू. हॉटेल वर, आमची लाँड्री तळघरात. पाहुणे उठले की त्यांच्या चादरी एका नळकांड्यातून थेट आमच्या डोक्यावर पडतात. साहेब आहे त्याला आम्ही इस्त्रीमास्तर म्हणतो. त्याच्या स्वतःच्या शर्टाला मात्र कधी इस्त्री नसते. अभ्र्याची घडी बोटभर वाकडी गेली तर असा बघतो जसं काही मी त्याच्या घरातली भिंत पाडली. मी इथे टिकेन असं वाटत नाही. छापखान्यात टिकलो नाही, बेकरीत नाही, गॅरेजमध्ये तर आठवडाही नाही. पण प्रत्येक वेळी परत आलो ते त्याच खोलीत. ती गेली तर मी परत यायचं कुठे?

आता मुख्य गोष्ट, जी मी तुला सांगणारच होतो. राणी गाभण आहे.

राणी म्हणजे निळी. दुसरा जो मळकट रंगाचा आहे आणि दिवसभर टाकीत गस्त घालतो, तो हवालदार. राणीच्या पोटाच्या मागच्या परावर बघ, पिवळे गोल ठिपके दिसतील. तीच अंडी. अशा वेळी खोलीत परका माणूस नको, टाकी हलवायची नाही, दिवा सारखा लावायचा-विझवायचा नाही. नाहीतर ती धसका घेईल आणि पाप तुला लागेल. दातवाल्या बाईला सांग, खोली नाही.

तुझा
भिंगरी

•

१२ जून

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहायला नकोत.

फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तू बोलत सुटतोस, मी हो हो म्हणते, आणि ठेवल्यावर कळतं की कशाला हो म्हटलं. मागच्या वेळी त्या "हो"मधूनच ही टाकी घरात आली. कागदावर तुला कमी बोलता येतं.

राणीबद्दल वाचलं. हे तू आत्ता सांगतोस? माझी सगळी नोकरी प्रसूतिगृहात गेली. अर्धं गाव मला अजून सिस्टर म्हणतं, कारण त्या अर्ध्या गावाला पहिली चापट मी मारली आहे. आणि माझ्याच घरात एक गर्भार आहे हे मला पत्राने कळावं?

पत्र वाचलं आणि कामाला लागले. कोपऱ्यावरच्या मासेदुकानदाराकडून जुनी छोटी टाकी आणली. राणीला त्यात वेगळी ठेवली. टाकीला जुन्या परकराचा आडपडदा केला. दिवसातून तीनदा थोडं थोडं खाणं. दारावर "शांतता राखा" अशी पाटी लावली. कामवाली म्हणाली, "सिस्टर, तो मासा आहे ना?" मी म्हटलं, "बाळंतीण आहे. चपला काढून ये."

ठिपके बघितले. आहेत. पण पोट दिसत नाही. माझ्या हाताखालून एवढ्या बायका गेल्या, पोट नसलेली ही पहिलीच. असो, प्रत्येकीचा बांधा वेगळा असतो.

दाताच्या मुलीला सध्या थांब म्हणून सांगितलं आहे. "सध्या" हा शब्द नीट वाच.

कमरेला शेक घे. वाकताना गुडघे वाकव, कंबर नको.

आत्या

•

१९ जून

आत्या,

धन्य आहेस. परकराचा पडदा हॉटेलातल्या खोल्यांनासुद्धा नाही.

पोट दिसत नाही म्हणून घाबरू नकोस. या जातीत ते उशिरा दिसतं. माशांचं सगळंच संथ असतं, पाण्यात असतात ना. पाच-सहा महिने सहज जातील, मग पिल्लं, मग पिल्लांचं संगोपन. म्हणजे वर्षभर तरी ती खोली बंदच म्हण. दाताच्या मुलीला उगाच टांगून ठेवू नकोस, बिचारीला दुसरीकडे बघू दे. मला तिची काळजी वाटते.

खोलीचा प्रश्न मिटला म्हणून मीही जरा मोकळा झालो. काल इस्त्रीमास्तरला तोंडावर सांगितलं, "पुढच्या महिनाअखेर मी चाललो." तो रोलरपाशी उभा होता. रोलर म्हणजे भलंमोठं तापलेलं लाटणं, ओली चादर इकडून घातली की तिकडून कडक बाहेर येते. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "जा. पण जाईपर्यंत उद्यापासून रोलरवर उभा राहा. तुझा हात बरा चालतो." म्हणजे बघ, जाणाऱ्या माणसालासुद्धा सोडत नाहीत.

तर जुलै संपता संपता मी तिकडे. गादीला ऊन दाखवून ठेव.

भिंगरी

•

२७ जून

भिंगरी,

गादीचं नंतर. आधी इथलं ऐक.

राणी खाऊन खाऊन मातली आहे. एवढी उद्धट गर्भार मी पाहिली नाही. पडदा सारला की काचेवर धावून येते. काल खाणं घालताना बोटाला डसली. पोट मात्र आलं आहे. पण ते गर्भाचं नाही, जेवणाचं आहे. हा फरक मला झोपेतही कळतो.

खरी काळजी हवालदाराची. तो आजारी आहे. गालफडं दोन्ही बाजूंनी टम्म सुजली आहेत, तोंड धड मिटत नाही, आणि अन्नाला शिवत नाही. आधी वाटलं, राणीला वेगळी काढल्याचा राग असेल, पुरुषांना बायको बाळंतपणाला गेली की असं होतं. पण हा राग नव्हे. हे गालगुंड आहे. दिवसभर दगडाच्या कपारीत तोंड घालून उभा असतो आणि जबडा सारखा चघळल्यासारखा हलवतो. गस्त बंद.

मी सगळे उपाय मनात घोळवले. गालाला शेक द्यावा तर देणार कसा? मिठाच्या गुळण्या सांगाव्यात तर तो आधीच पाण्यात. दुकानदार बाहेरगावी गेला आहे. राणीला संसर्ग होईल का, ते लगेच कळव. दोघांचे चमचेसुद्धा मी वेगळे केले आहेत.

आणि नोकरी सोडतोस असं जे पत्राच्या शेवटी हळूच सरकवलं आहेस, ते मी वाचलं आहे. सोडतोस ती का? दुसरी कुठली बघितली आहेस? सरळ उत्तर दे. रोलरवर उभं राहायला आवडतं की नाही, तेही लिही.

आत्या

•

३ जुलै

आत्या,

हवालदार नाटकी आहे. तो पहिल्यापासून तसाच. टाकी धुवायला घेतली की आडवा पडून मेल्याचं सोंग करायचा. खात नाही तर नको खाऊ दे. पण गालगुंड असेल तर राणीला लागायला नको. माझं ऐक, त्याला पिशवीत घाल आणि दुकानदार आला की देऊन टाक. एक नवरा गेला तर राणीचं काही अडत नाही.

नोकरीचं विचारतेस. दुसरी बघितलेली नाही. आधी घरी येणार, खोलीत पडणार, छताकडे बघणार, मग सुचेल. तसंच सुचत आलंय नेहमी.

रोलरचं म्हणशील तर गरम होतं. एवढंच. चादर धरायची असते ती दोन्ही कोपरे सारखे ताणून, जरा ढिली पडली की सुरकुती, आणि सुरकुती आत गेली की ती कायमची इस्त्री होऊन बसते. परवा एका शिफ्टमध्ये माझ्या हातून एकही सुरकुती गेली नाही. शेजारचा घोऱ्या, खोलीत माझ्या बाजूच्या पलंगावर घोरतो तो, म्हणाला, "काय रे, चाललास ना तू?" मी म्हटलं, "चाललोच की." पण सांगितलं तेवढं, आवडतं असं काही नाही.

हवालदाराला आजच काढ.

भिंगरी

•

१० जुलै

भिंगरी,

हे पत्र बसून वाच. उभा असशील तर रोलरपासून लांब हो.

तुझ्या सांगण्याप्रमाणे काल हवालदाराला पिशवीत घातला. पिशवीत पाणी, पाण्यात तो, आणि मी पायात चप्पल घालते आहे तोवर दाराची घंटा. दाताची मुलगी. "सहज आले, सिस्टर, बाळंतीण कशी आहे विचारायला." हातातली पिशवी बघून म्हणाली, "याला काय झालंय?"

"गालगुंड."

"बघू?"

तिने पिशवी उजेडात धरली, डोकं तिरकं केलं आणि म्हणाली, "आ करत नाहीये. पण सिस्टर, याच्या तोंडात काहीतरी आहे."

"दात असतील, तुमचं तेच काम."

"दात नाहीत. दातांना डोळे नसतात. हे माझ्याकडे बघतायत."

मी चष्मा लावून बघितलं. तोंडाच्या फटीतून बारीक बारीक डोळ्यांच्या जोड्या बाहेर बघत होत्या. खिडकीत गर्दी करून मिरवणूक बघतात तशा. त्यातला एक बाहेर आला, पिशवीभर फिरला, आणि मी "अगं बाई" असं ओरडल्याबरोबर परत तोंडात शिरला.

अर्धवट घातलेली चप्पल मी काढून टाकली. बाळंतीण पिशवीत आणि मी तिला दुकानात परत करायला निघालेली!

मुलगी भराभरा कामाला लागली. हवालदाराला, म्हणजे हवालदारणीला, परत टाकीत सोडलं. दुकानदार गावाहून परतला होताच, त्याला बोलावून आणलं. तो राणीच्या टाकीपाशी गेला, परकराचा पडदा वर केला, आत बघितलं, आणि हसत हसत खुर्ची शोधायला लागला. "सिस्टर, हा नर आहे हो! एवढे दिवस तुम्ही नवऱ्याचे डोहाळे पुरवलेत." ते पिवळे ठिपके अंडी नव्हेत. नराच्या परावर तसे नुसते ठिपके असतात. मादी अंडी घालते, लगेच तोंडात उचलते, हे ठिपकेही अंडीच समजून टिपायला जाते, आणि त्या गडबडीत नराचं बीज तोंडात जाऊन अंडी फळतात. मग पिल्लं पोहती होईस्तोवर ती तोंडात वागवते, आणि तेवढे दिवस अन्न घेत नाही. गिळलं जाईल म्हणून.

म्हणजे त्या ठिपक्यांनी तिला फसवलं, तुला फसवलं आणि तुझ्यामार्फत मला. तिचं निदान कल्याण तरी झालं.

मला लाज कशाची वाटली सांगू? एवढे दिवस मी पोट बघत राहिले. ती बिचारी उपाशी, तोंडात कुटुंब घेऊन कोपऱ्यात उभी, आणि मी तिला शेक कसा द्यावा याचा विचार करते आहे. आणि सगळा खुराक त्या निळ्या बोक्याला.

तुझ्याबद्दल. राणी गाभण आहे ही थाप असणार, असा मला पहिल्याच पत्रात संशय आला होता. "पाप तुला लागेल" असं तू थाप मारतानाच म्हणतोस, लहानपणापासून. मग एवढं का केलं म्हणशील तर आमच्या कामात सवय असते. दारात कुणी येऊन कळा सुरू झाल्या म्हणालं तर आधी पाणी तापवायचं. खोटं निघालं तर चहा होतो.

आता खोलीचं. पिल्लं मोजता येत नाहीत, एका जागी थांबत नाहीत, तुझ्यावरच गेली आहेत. त्यांना आईसकट एक टाकी लागली, बापाला निराळी, कारण तो आता मुलांकडे जेवण म्हणून बघतो. पुढे आईला जरा एकटीला खाऊपिऊ द्यायचं तर तिसरी. तुझी सायकल भंगारात गेली. गिटार कपाटावर आहे.

आणि दाताची मुलगी पहिल्या तारखेपासून खोलीत राहायला येते आहे. टाक्यांसकट. तिला शांतता लागते, पंपाच्या आवाजाने झोप छान लागते म्हणते, आणि सकाळचं खाणं ती घालणार आहे. माशांमुळेच तिने खोली पक्की केली.

आत्या

•

१६ जुलै

आत्या,

हा काय प्रकार आहे?

मासे माझे. खोली माझी. थापसुद्धा माझी. आणि राहायला येणार दुसरंच कुणी!

हवालदाराचं वाचून मला आनंद झाला हे आधी लिहितो, नाहीतर तू म्हणशील मनाला लागलं नाही. घोऱ्याला वाचून दाखवलं. मग सगळ्या पाळीला. इस्त्रीमास्तर मागे उभा राहून ऐकत होता ते कळलंच नाही. "तोंडात?" एवढंच म्हणाला, आणि जेवणाची सुट्टी संपली तरी घंटा द्यायला विसरला.

पण आत्या, मी इथे निघतो म्हणून सांगून बसलोय. पहिल्या तारखेला ती तिकडे आत येणार आणि मी त्याच दिवशी दारात उभा. मग मी झोपू कुठे? टाकीत? तिला सांग दोन-चार महिने थांब. नाहीतर सांग की पिल्लं विषारी आहेत. दाताच्या लोकांना माशांतलं काय कळतं!

एकदा, फक्त या वेळेला, फोन उचल. मी रोज करतोय.

भिंगरी

•

२३ जुलै

भिंगरी,

फोन वाजतो ते ऐकू येतं. उचलला असता तर मी हो म्हणाले असते, म्हणून दर वेळी मोरीत जाऊन नळ सोडला. पाण्याचं बिल तुझ्यामुळे आलं आहे.

मुलीला थांबायला सांगणार नाही. तुझी खोली मी रिकामी राहू देत नाही, कारण ती रिकामी असली की तू येतोस. बेकरी तुला वाईट नव्हती. छापखान्यात मालक तुझं नाव काढतो अजून. पण कुणी जरा डोळे वटारले की तुला गादी आठवते. चूक माझी आहे, मी प्रत्येक वेळी ती ऊन दाखवून तयार ठेवली.

पिल्लांचं सांगते. पहिले काही दिवस कुणी टाकीजवळ गेलं, की आई तोंड उघडायची आणि सगळी धावत आत. मी आणि कामवाली खेळ बघावा तशा बघायचो. मग पिल्लं वाढली. परवा कामवालीच्या हातून डबा पडला, सगळी आईकडे धावली. काही अर्धी आत, अर्धी बाहेर, शेपट्या मिशांसारख्या हलतायत. तिने सगळ्यांना बाहेर थुंकलं आणि तोंड घट्ट मिटलं. मग दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि निवांत जेवली. दुकानदार म्हणाला आता तिची काळजी मिटली, टाक्या दोनच ठेवा. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुला यायला बंदी नाही. पाहुणा म्हणून ये. पाहुणे बाहेरच्या खोलीत झोपतात, त्यांना सकाळी चहा हातात मिळतो, आणि कधी येणार, कधी जाणार हे ते आधी पत्राने कळवतात. आयत्या वेळी आलेलं मला चालणार नाही.

रोलरबद्दल तू कोपरे, ताण, सुरकुती असं एवढं लिहिलंस. बेकरीबद्दल कधी एक ओळ लिहिली नव्हतीस. नीट विचार कर.

आत्या

•

२ ऑगस्ट

आत्या,

पाकिटावर पत्ता लिहिलाय तो आधी उतरवून घे. नवा आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दोन पाळ्या केल्या. मग इस्त्रीमास्तरकडे गेलो. म्हटलं, "मी जात नाही." तो म्हणाला, "कुठे?" त्याने माझं जाणं वर कळवलंच नव्हतं! म्हणे, "रोलरवर हात बसलेला माणूस निघतो म्हणाला की मी महिनाभर बहिरा असतो." मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पाया पडणार होतो, तेवढ्यात म्हणाला, "काम आहे तुझं. पण तो पलंग गेला." मी चाललो असं घोऱ्याने सगळ्यांना सांगितलेलं. कामगारांच्या खोलीतल्या माझ्या पलंगावर नवा माणूस येऊन झोपलाही होता. माझीच उशी घेऊन.

म्हणजे एकाच आठवड्यात मी दोन्हीकडून बाहेर थुंकला गेलो.

मग काय, घेतली एक खोली. लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, जिना चढून. खाली पत्र्याच्या पेट्या बनवणारा आहे, तो सकाळपासून ठोकतो. खिडकी उघडली की समोर भिंत, पण हात बाहेर काढून ती भिंत मला रंगवता येईल इतकी जवळ आहे, आणि मालक नाही म्हणत नाही. नळाला पाणी येतं, खोकत येतं. पहिल्या दिवशी जमिनीवर पडून छताकडे बघितलं. काही सुचलं नाही. झोप लागली.

काल खाट आणली. मी आणि घोऱ्याने जिन्यातून वर चढवली, दारात अडकली, पाय सोडवून आत घेतली. हॉटेलातून जुनी म्हणून बाद केलेली चादर इस्त्रीमास्तरने दिली. मी ती स्वतः रोलरमधून काढली. एक सुरकुती दिसली तर सांग.

हे सगळं लिहितोय ते अशासाठी की खाट एकच आहे आणि ती तुझी. मी खाली झोपेन. मासे दातवाली बघेल, तिला तसंही तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांपाशी उभी राहिलीस, कुणाकडे पाहुणी म्हणून गेल्याचं मला आठवत नाही. ये आठ दिवस. सकाळी चहा हातात मिळेल.

फक्त येण्याआधी पत्राने कळव. कधी येणार, कधी जाणार, दोन्ही. आयत्या वेळी आलेलं मला चालत नाही.

भिंगरी